25 नोव्हेंबर: गोव्याच्या दिनविशेषात काय लिहावं?

वाळपईजवळच्या एका मराठी शाळेतल्या बाईंचा प्रश्न आहे. परिपाठात रोज एका मुलाने दिनविशेष सांगायचा असतो. 25 नोव्हेंबरला गोव्याचं काय सांगावं? त्यांना तीन याद्या मिळाल्या. एकीत 'पोर्तुगीजांचा गोवाविजय' असं आहे, दुसरीत तोच दिवस 'गोव्याचा काळा दिवस' म्हणून आहे, आणि तिसरी महाराष्ट्रात तयार झालेली, तिच्यात यशवंतराव चव्हाणांची पुण्यतिथी आहे, गोव्याचं नावही नाही. बाईंनी शेवटी आणखी एक विचारलं आहे: एकाच तारखेवर इतक्या गोष्टी आपोआप जमतात, की कुणीतरी जमवतं?

एका मराठी दैनिकासाठी मी बरीच वर्षं दिनविशेष लिहिला, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न वाचून बरं वाटलं. सहसा लोक फक्त यादी मागतात. म्हणून आधी थोडक्यात उत्तर देतो आणि मग सविस्तर बोलतो. गोव्याच्या 25 नोव्हेंबरला सांगण्यासारख्या तीन घटना आहेत: 1510, 1683 आणि 1955. पहिली घडली. दुसरी त्याच तारखेला येणं हा निव्वळ योगायोग. तिसरी मात्र पहिलीकडे बघून, मुद्दाम त्या दिवशी केली गेली. बाई, मुलांना हा फरक सांगता आला तर परिपाठाचं काम झालं.

आता 1510. त्या वर्षी पोर्तुगीज गव्हर्नर आफोंस द आल्बुकेर्कने गोवा एकदा नव्हे, दोनदा घेतला, आणि याद्यांमध्ये ही पहिली गफलत असते. 17 फेब्रुवारी 1510 ही तारीखही तुम्हाला 'गोवा जिंकला' म्हणून सापडेल. तीही बरोबरच आहे. होन्नावरच्या बाजूचा तिमोजा हा आरमारी सरदार, त्याने आल्बुकेर्कला गोव्याकडे वळवलं. शहर आदिलशाहीच्या ताब्यात होतं, तिथली शिबंदी तोकडी होती आणि फेब्रुवारीत फारशी लढाई न होता ते पडलं. पण मे महिन्यात विजापूरची फौज तिसवाडीत, म्हणजे शहराच्या बेटावर, उतरली आणि पोर्तुगीजांना शहर सोडून जहाजांवर पळावं लागलं. तोवर पाऊस तोंडावर आलेला. मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, पावसाळ्यात तिथून शिडाचं जहाज बाहेर काढणं म्हणजे ते फोडून घेणं. त्यामुळे तो सगळा ताफा ऑगस्टपर्यंत मांडवीतच अडकून पडला. धान्य संपलेलं, आणि पणजीच्या आदिलशाही कोटातून तोफांचा मारा. पणजीत मांडवीकाठी जुन्या सचिवालयाची इमारत आहे ना, तोच हा कोट, पुढे बराच बदललेला. मुलांनी ती इमारत बसमधून पाहिलेली असेल, म्हणून सांगतो.

पाऊस उघडल्यावर ते बाहेर पडले, कुमक गोळा केली आणि नोव्हेंबरात तीसेक जहाजं घेऊन परत आले. मधल्या काळात विजापुरात यूसुफ आदिलशाह वारला होता, गादीवर त्याचा लहान मुलगा इस्माईल होता. 25 नोव्हेंबरला, सांत कातारिना (सेंट कॅथरीन) या ख्रिस्ती संत स्त्रीच्या सणाच्या दिवशी, शहर पुन्हा पडलं. या वेळी रक्तपात झाला, आणि तो कुणा शत्रूने लिहिलेला नाही. आल्बुकेर्कने स्वतः 22 डिसेंबर 1510 ला राजा मानुएलला पत्र लिहिलं. त्यात चार दिवस कत्तल चालल्याचं, मशिदीत माणसं कोंडून ती पेटवून दिल्याचं आणि सुमारे सहा हजार मुसलमान स्त्रीपुरुष मारले गेल्याचं तो अभिमानाने कळवतो. शेतकऱ्यांना आणि ब्राह्मणांना मारू नये, असा हुकूम दिल्याचंही त्याच पत्रात आहे. आकडा फुगवलेला असू शकतो, राजापुढे आपला पराक्रम कमी करून कोण सांगतो? पण कत्तल झाली यात शंका ठेवायला जागा नाही.

म्हणून 'गोवाविजय' आणि 'काळा दिवस' या दोन्ही पाट्यांवर माझा आक्षेप आहे. 'विजय' म्हणताना तुम्ही आल्बुकेर्कच्या जहाजावर उभं राहून बोलता. 'काळा दिवस' म्हणणाऱ्या यादीत बहुतेक वेळा पुढचं वाक्य इन्क्विझिशनचं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचं असतं, देवळं पाडल्याचं असतं. ते सगळं झालं, पण 25 नोव्हेंबर 1510 ला नाही. तिसवाडीतल्या देवळांवर घाला आला तो 1540 च्या सुमारास, आणि इन्क्विझिशनचं न्यायालय गोव्यात बसलं 1560 मध्ये. त्या नोव्हेंबरच्या दिवशी मारले गेले ते मुख्यतः आदिलशाहीचे मुसलमान, आणि पोर्तुगीजांना बोलावणाऱ्यांत हिंदू सरदार होते. हे आपल्याला अडचणीचं वाटतं, म्हणून आपण पन्नास वर्षांनंतरच्या गोष्टी ओढून त्या दिवसावर चिकटवतो. दिनविशेषाच्या यादीत सर्वांत जास्त बनवाबनवी होते ती अशी: तारीख खरी, घटनाही खरी, फक्त दोघींची गाठ खोटी.

आणखी एक. बाई, तुमची मुलं सत्तरी तालुक्यातली. त्यांना हे आवर्जून सांगा की त्या दिवशी सत्तरीत काहीही बदललं नाही. 1510 ला पोर्तुगीजांच्या हाती आलं ते तिसवाडी बेट, म्हणजे जुने गोवे, पणजी आणि भोवतालचा मुलूख. बारदेश आणि सासष्टी 1543 मध्ये. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, काणकोण हा सगळा नव्या काबिजादीचा भाग 1763 ते 1788 या पाव शतकात त्यांच्याकडे गेला. 'गोव्यावर साडेचारशे वर्षं पोर्तुगीजांचं राज्य' हे वाक्य आपण भाषणात ठोकून देतो, ते तिसवाडीपुरतं खरं आहे. पेडण्याच्या माणसाच्या वाट्याला ते जेमतेम पावणेदोनशे वर्षं आलं. या फरकाने गोव्यात देवळं कुठे उरली, भाषा कशी वळली, नाटक कुठे रुजलं, हे सगळं ठरलं. परिपाठात इतकं सांगायला वेळ नसतो, ठाऊक आहे. एक वाक्य पुरे.

तारखेचा एक तांत्रिक गुंता इथेच सोडवतो, कारण एखादा चौकस पालक विचारू शकतो. 1510 ची तारीख जुन्या, म्हणजे ज्युलियन पंचांगातली आहे. पोर्तुगालने 1582 च्या ऑक्टोबरात दहा दिवस गाळून नवं ग्रेगोरियन पंचांग धरलं. आजच्या पंचांगात मागे मोजत गेलं तर तो दिवस 5 डिसेंबर 1510 येतो, वार सोमवार. तरीही दिनविशेषात 25 नोव्हेंबरच लिहा. ही तारीख सणाशी बांधलेली आहे, आणि सण पंचांग बदलल्यावरही 25 नोव्हेंबरलाच राहिला. नियम म्हणून सांगायचं तर 1582 च्या आधीच्या घटनांना मूळ कागदातली तारीख ठेवावी, नवीन हिशोबाने दुरुस्त करत बसू नये. नाहीतर निम्मी पुस्तकं एक सांगतील आणि आपला फळा दुसरंच.

सणाशी बांधलेली म्हणजे किती, ते जुन्या गोव्यात दिसतं. सांत कातारिनाचं छोटं कपेल, म्हणजे प्रार्थनाघर, आल्बुकेर्कने लगेच बांधलं. सांफ्रांसिश्कु द असीसच्या चर्चच्या पश्चिमेला ते आजही आहे. सध्याची इमारत मागाहून बांधलेली आणि विसाव्या शतकात डागडुजी केलेली. तिथे पोर्तुगीज मजकुराचा एक दगड आहे. त्याचा आशय असा: याच जागी ते दार होतं जिथून गव्हर्नर आफोंस द आल्बुकेर्क आत शिरला आणि त्याने सांत कातारिनाच्या दिवशी, 1510 साली, हे शहर मुसलमानांकडून घेतलं, त्याच्या स्मरणार्थ गव्हर्नर जोर्ज काब्राल याने 1550 मध्ये ही वास्तू उभारायला लावली. दगडावर तारीख आकड्यात नाही, संताच्या नावात आहे. शेजारचं भव्य से कॅथेड्रल, 1562 ला सुरू होऊन 1619 ला उभं राहिलेलं, तेही याच संताला अर्पण केलेलं. पुढे विसाव्या शतकात पोर्तुगीज भारताचं राजचिन्ह ठरवलं तेव्हा त्यात सांत कातारिनाचं दातेरी चाक घातलं गेलं. म्हणजे 25 नोव्हेंबर ही तारीख राज्यकर्त्यांनी सव्वाचारशे वर्षांहून जास्त काळ जपून ठेवली होती. दगडात, कॅथेड्रलमध्ये, शिक्क्यावर. हे लक्षात ठेवा, 1955 ला ते लागणार आहे.

आता मधलं वर्ष, 1683. माझ्या मते मराठी शाळेत सांगायची गोष्ट हीच, आणि नेमकी हीच याद्यांमध्ये नसते. असली तर 24 नोव्हेंबरला असते, ते का ते पुढे येईल.

त्या वर्षी पोर्तुगीज आणि छत्रपती संभाजी महाराज यांचं उघड युद्ध जुंपलं होतं. व्हाइसरॉय होता फ्रांसिश्कु द ताव्हरा, कोंद द आल्व्होर. त्याने नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात स्वतः फोंड्यावर स्वारी केली. फोंड्याचा किल्ला तेव्हा मराठ्यांचा, आणि तिथे येसाजी कंक आणि त्याचा मुलगा कृष्णाजी यांनी तो असा झुंजवला की पोर्तुगीज तोफांनी तट फोडूनही आत शिरता येईना. संभाजी महाराज स्वतः राजापूरहून कुमक घेऊन आले आणि व्हाइसरॉयला वेढा उठवून दुर्भाटच्या बाजूने परत फिरावं लागलं. या लढाईत झालेल्या जखमांनी कृष्णाजी पुढे गेला.

आता डाव उलटला. 24 नोव्हेंबरच्या रात्री दहाच्या सुमारास, ओहोटी असताना, मराठ्यांची एक तुकडी जुवे बेटावर उतरली आणि तिथला किल्ला तिने घेतला. जुवे, म्हणजे सांत इस्तेव्ह, नकाशावर बघा: जुन्या गोव्याच्या राजधानीपासून पाण्यापलीकडे, हाकेच्या टप्प्यात म्हणावं इतक्या जवळ. राजधानीच्या उंबरठ्यावर मराठे येऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी, 25 नोव्हेंबरला, व्हाइसरॉय स्वतः माणसं घेऊन बेट परत घ्यायला गेला. मराठ्यांनी त्याला चांगलाच चोपला. पाणी चढत होतं, खाजनाची, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली, शेतं चिखलाने भरलेली, आणि पळताना पोर्तुगीजांची पुरती तारांबळ उडाली. खुद्द व्हाइसरॉय कसाबसा जीव वाचवून परतला. शहराच्या संताच्या सणाच्या दिवशीच शहराचा धनी असा मार खाऊन आला.

किल्ला घेतला 24 च्या रात्री आणि लढाई झाली 25 ला, म्हणून याद्यांत ही घटना कधी एका दिवशी तर कधी दुसऱ्या दिवशी दिसते. रात्रीच्या घटनांचं हे नेहमीचं दुखणं. माझा कल असा: रात्र जिच्यात सुरू झाली ती तारीख हल्ल्याला द्यावी, आणि लढाईला 25. आणखी एक खबरदारी. त्याच काळातली सुरतेच्या इंग्रजांची पत्रं वाचाल तर तारखा दहा दिवस मागे दिसतील, कारण इंग्रजांनी 1752 पर्यंत जुनं पंचांग सोडलं नव्हतं. मराठी कागदांत तर शक, मास, तिथी किंवा हिजरी तारीख असते. एकाच लढाईच्या तीन तारखा पाहून कुणी कुणाला खोटं ठरवू नये.

त्यानंतर जे झालं ते पोर्तुगीज कागदांतच नोंदलेलं आहे, म्हणून त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. व्हाइसरॉय बॉम जेझूच्या चर्चमध्ये गेला, सांफ्रांसिश्कु शाव्हियेर (सेंट फ्रान्सिस झेवियर) याची शवपेटी उघडवली, आणि आपला अधिकारदंड आणि राजाने दिलेली सनद संताच्या पायाशी ठेवली. राज्य आता तूच सांभाळ, असा त्याचा अर्थ. डिसेंबरात मराठे सासष्टी आणि बारदेशात उतरले, मडगाव घेतलं. राजधानी आज पडते की उद्या, अशी अवस्था झाली आणि मग मराठे परतले. ख्रिस्ती परंपरा म्हणते, शाव्हियेर पावला. इतिहासाचे कागद म्हणतात, औरंगजेबाचा मुलगा शाह आलम प्रचंड फौज घेऊन रामघाटाने कोकणात उतरत होता, आणि संभाजी महाराजांना दोन आघाड्या परवडणाऱ्या नव्हत्या. मुलांना दोन्ही सांगा. कोणतं कारण कोणी का पुढे केलं, हे सहावी-सातवीच्या मुलांना चांगलं कळतं. मोठ्यांनाच त्रास होतो.

मराठी घरांत या मोहिमेची एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते: पळणाऱ्या फिरंग्यांच्या मागे संभाजी महाराजांनी घोडा भरतीच्या पाण्यात घातला, घोडा पोहणीला लागला, आणि खंडो बल्लाळाने उडी टाकून महाराजांना सावरलं. गोष्ट छानच आहे. ती आली आहे चिटणीसांच्या बखरीतून, जी घटनेनंतर सव्वाशे वर्षांनी लिहिली गेली, आणि ती लिहिणारे मल्हार रामराव चिटणीस हे खंडो बल्लाळांच्याच घराण्यातले. मी गोष्ट खोटी म्हणत नाही. पण दिनविशेषात ती 'बखरीत अशी आठवण आहे' या शब्दांत यावी, जुव्याच्या लढाईच्या वाक्यात मिसळू नये. लढाई पोर्तुगीज दप्तरात आहे, गोष्ट घराण्याच्या आठवणीत आहे. दोघींचं वजन वेगळं.

हे सगळं आपल्याला इतक्या तपशिलाने माहीत आहे याचं श्रेय पांडुरंग पिसुर्लेकरांना. पणजीच्या पुराभिलेखागाराचे ते कित्येक वर्षं प्रमुख होते. तो दप्तरखाना 1595 मध्ये सुरू झालेला, त्याचा पहिला रखवालदार दियोगु द कौतु हा इतिहासकार. पिसुर्लेकरांनी तिथल्या पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांचा इतिहास बाहेर काढला आणि तो पुण्या-मुंबईच्या अभ्यासकांपुढे ठेवला. आपल्या गोव्याच्या एका मराठी माणसाने हे केलं, हेही परिपाठात कधीतरी यायला हवं. योगायोग असा की त्या वेळी निकोलाव मानुच्ची हा इटालियन भटक्याही गोव्यात होता आणि व्हाइसरॉयने त्याला मराठ्यांशी बोलणी करायला पाठवलं होतं; त्यानेही या दिवसांबद्दल लिहून ठेवलं. म्हणजे साक्षीदार एकाहून जास्त आहेत.

तिसरं वर्ष 1955. इथे तारीख घडलेली नाही, निवडलेली आहे.

त्या वर्षीच्या 15 ऑगस्टला हजारो निःशस्त्र सत्याग्रही चारी बाजूंनी गोव्याच्या सीमेत शिरले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. पत्रादेवी, तेरेखोल ही नावं तेव्हापासून आपल्याला पाठ आहेत. पंजाबचा करनैल सिंग पत्रादेवीला पडला. भारत सरकारने नंतर सामूहिक सत्याग्रह थांबवले, सीमा आवळली, पोर्तुगालशी वकिलातीचे संबंध तोडले. गोव्याच्या आत वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, सभांना बंदी, तुरुंग भरलेले. आत असलेल्या माणसापर्यंत बातमी पोचवायला एकच वाट उरली, हवेतली. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेबाहेरच्या जंगलातून गुप्त आकाशवाणी चालवायला घेतली. कोकणीत 'गोंयचे सोडवणेचो आवाज', पोर्तुगीजमध्ये त्याच अर्थाचं नाव. तिचं पहिलं प्रसारण झालं 25 नोव्हेंबर 1955 ला. आल्बुकेर्क शहरात शिरला त्याला त्या दिवशी 445 वर्षं होत होती.

पोर्तुगीज बोलणाऱ्या गोवेकरांना हे समजावून सांगायची गरजच नव्हती. सांत कातारिनाचा दिवस म्हणजे काय, हे त्यांना शाळेत शिकवलेलं, चर्चमध्ये ऐकलेलं. राज्यकर्त्यांनी जो दिवस आपल्या विजयाचा म्हणून इतकी शतकं मिरवला, तोच दिवस घेऊन त्यांच्याविरुद्धचा आवाज सुरू करायचा. मला हा सगळा प्रकार स्वातंत्र्यलढ्यातल्या सर्वांत हुशार गोष्टींपैकी एक वाटतो, आणि आपल्याकडे त्याची म्हणावी तशी दखल नाही. आपण सत्याग्रह आणि गोळीबार यांच्याच तारखा लक्षात ठेवतो.

ते केंद्र सहा वर्षं चाललं, मुक्तीपर्यंत. पोर्तुगीजांनी शरणागती पत्करल्यावर या दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर ती बातमी गोव्याच्या लोकांना सांगितली. पुढे दोघांनी लग्न केलं. वामन सरदेसाईंना 1992 मध्ये पद्मश्री मिळाली, लिबिया लोबो सरदेसाईंना 2025 मध्ये, वयाची शंभरी गाठल्यावर. वर्गातल्या मुलींना हे जरूर सांगा, की जंगलात राहून रोज गोव्याशी बोलणारी एक मुलगी होती.

बाकीच्या तारखांबद्दल थोडं, म्हणजे बाईंना वर्षभर उपयोग होईल. एखाद्या तारखेवर दोन घटना दिसल्या की विचारायचं: दुसरी करणाऱ्याला पहिली माहीत होती का? 18 जून 1946 ला मडगावात डॉ. राममनोहर लोहिया बोलले ती तारीख ठरली केवळ त्यांच्या गोव्यातल्या मुक्कामामुळे. ते आसोळण्याला डॉ. जुलियांव मिनेझिसांकडे उतरले होते. पण 18 जून 1954 ला गोव्यात ठिकठिकाणी तिरंगे लागले आणि अटका झाल्या, ती तारीख 1946 ला स्मरून घेतलेली. 15 ऑगस्ट 1954 ला तेरेखोलच्या किल्ल्यावर झेंडा लागला, 1955 चा मोठा सत्याग्रहही त्याच दिवशी, हेही निवडलेलं, उघडच आहे. याउलट तुमच्या सत्तरीची तारीख पाहा. पोर्तुगीजांविरुद्ध बंड करणाऱ्या दीपाजी राण्यांनी नाणूसचा कोट घेतला तो 26 जानेवारी 1852 ला. प्रजासत्ताकाशी त्याचा संबंध जोडता येणार नाही, आणि जोडू नये; दोन्ही गोष्टी एका दिवशी आल्या आहेत एवढंच. तुमच्या मुलांना मात्र ही तारीख 25 नोव्हेंबरच्या आधी यायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. नाणूस तुमच्या दारात आहे.

तारखेची मालकी बदलते याचा एक नमुना पणजीत रस्त्यावरच आहे. 18 जून रस्ता आपला. पण फोंताइन्यशमधला 31 जानेवारी रस्ता? ती तारीख पोर्तुगालमधली, 1891 साली पोर्तु शहरात राजाविरुद्ध झालेल्या प्रजासत्ताकवाद्यांच्या उठावाची. त्या रस्त्यावर राहणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, देव जाणे. पाटी राहिली, आठवण गेली.

यशवंतरावांचं म्हणाल तर ते 25 नोव्हेंबर 1984 ला गेले, तारीख बरोबर आहे, मराठी शाळेत त्यांचं नाव घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त त्या एका ओळीने गोव्याची जागा अडू नये. महाराष्ट्रातल्या याद्या जशाच्या तशा उतरवण्याची सवय आपल्या शाळांना आहे. त्यामुळे 19 डिसेंबरचा मुक्तिदिन आणि 30 मेचा घटक राज्य दिन सोडले तर आमच्या मुलांना वर्षातला एकही दिवस आपला वाटत नाही.

फळ्यासाठी मजकूर मागितला आहे, तो असा लिहावा:

"25 नोव्हेंबर. 1510: आफोंस द आल्बुकेर्कच्या पोर्तुगीज सैन्याने आदिलशाहीकडून जुने गोवे शहर दुसऱ्यांदा जिंकले, शहरात मोठी कत्तल झाली. सत्तरी तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हती. 1683: जुवे बेटावर छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पराभव केला. 1955: वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी 1510 च्या त्याच तारखेला गोवामुक्तीची गुप्त आकाशवाणी सुरू केली."

वाचायला एका मुलाला मिनिटभर लागेल. वेळ उरला तर दुसऱ्या एखाद्याला विचारायला लावा, की या तिघांपैकी कोणती तारीख कुणीतरी निवडली होती.

आणि त्या दिवशी जुन्या गोव्याला सहल न्यायचा विचार बाईंनी कळवला आहे. त्या दिवशी नेऊ नका. 3 डिसेंबरच्या शाव्हियेरच्या फेस्ताची नोव्हेना, म्हणजे आधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना, 24 नोव्हेंबरला सुरू होते, पहाटेपासून गर्दी असते, बस उभी करायला जागा मिळत नाही, आणि लहान मुलं हरवण्याची भीती वेगळीच. डिसेंबरचा दुसरा आठवडा बरा. आधी कपेलातला तो दगड बघा, त्याचा मराठी मजकूर आधीच कागदावर उतरवून न्या, मग बॉम जेझू, आणि दुपारी जमलं तर जुवे. तिथे टेकडीवर किल्ल्याचे अवशेष आहेत. वरून नदीपलीकडे जुन्या गोव्याची दिशा मुलांना बोटाने दाखवता येईल.